हितंच की

मी मीटर दुरुस्त करतो.
उद्यमनगरात, लेथच्या शेडमागं,
एक बल्ब, एक पक्कड,
आणि डब्यात शिशाच्या गोळ्या, हरभऱ्याएवढ्या.
साहेबानं शिक्का दाबला की शिसं चपटं होतं,
मग तारेला कुणी हात लावायचा नाही.
मीसुद्धा.

भाड्याचा आकडा कलेक्टर कचेरीतल्या बैठकीत ठरतो.
शिक्का वैधमापनचा, परवाना आरटीओचा,
थांब्याची पाटी महापालिकेची,
पाटीखाली उभं राहिल्याची पावती ट्रॅफिकची.
एवढ्यांना पुरून उरलं म्हणून की काय
आता मुंबईहून कागद आलाय :
फोनवरून बोलावलेल्या गाडीचं सगळं मंत्रालय बघणार.
बघू देत.
गंगावेशीतला खड्डा तिथून दिसत असला तर बरंच आहे.

गंगावेशीच्या थांब्यावर पाटी म्हणते : रिक्षा सात.
उभ्या असतात एकोणीस.
वरच्या बारांचा कायदा वहीत आहे,
दोनशे पानी, रेक्झिनचा पुठ्ठा.
बापू कवठेकर रोज सकाळी पेन्सिलनं नंबर लावतात,
रात्री खोडतात.
एकोणतीस वर्षांत त्या वहीवर कुणा साहेबाची सही नाही.
आणि कुणी नंबर मोडलाय असंही नाही.
(एकदा मोडला होता. त्याचं नाव अजून निघतं.)

मंगळवारी मी तिथं एका मीटरची केबल बघायला गेलो होतो.
पांढरी गाडी आली, कळ्याकडनं.
ड्रायव्हर पोरगा, शर्टाची घडी मोडलेली नाही.
गिऱ्हाईक एक बाई,
हातात शिलाई मशीनचं नुसतं डोकं, फडक्यात बांधलेलं,
लेकराला धरावं तसं.

बापू गाडीपुढं उभे राहिले.
पोरानं फोन दाखवला : सरकारचा नियम हाय.
बापूंनी वही दाखवली : आमचा बी हाय.
त्यानं वही वाचली नाही,
यांनी फोन वाचला नाही.
बापूंचा चष्मा तर खिशातच होता.
हवालदार आला, त्यानं दोन्ही बघितलं, म्हणाला,
मला तेवढा पिवळा पट्टा कळतोय,
आणि दोघांनी बी चाक पट्ट्यावर आणलंय.

तेवढ्यात कुणीतरी पोराचं आडनाव विचारलं.
खुडे.
कुठला खुडे?
वहीत अकरा नंबरला त्याचाच चुलता निघाला.
चुलता मागं रिक्षात बसून होता,
तंबाखू मळत, मान खाली.
मग सगळेच एकदम मोठ्यानं बोलायला लागले,
कारण आता गप्प बसणं अवघड झालं होतं.

बाई मशीन या हातातून त्या हातात घेत होती.
मी विचारलं, कुठं जायचंय?
फुलेवाडी नाक्याजवळ. हितंच की.
मी मशीनचं डोकं माझ्या लुनाच्या पायरीवर ठेवलं,
तिला मागं बसवलं.
परवाना नाही, पाटी नाही, नंबर नाही,
माझ्या गाडीचा तर काटाही बंद आहे दिवाळीपासून.

रंकाळ्याच्या वाऱ्यात तिचा पदर माझ्या कानावर येत होता.
ती सांगत होती, शटल अडकतंय,
दुकानदार म्हणतो नवीनच घ्या.
मी म्हटलं, कुणाचं ऐकू नका, आधी तेल सोडा.

दारात उतरून तिनं बटवा उघडला.
काय झालं वो?

तीस वर्षं मी दुसऱ्यांचे मीटर लावतोय.
मोजून आखलेल्या एक किलोमीटरवर
चाक फिरवून बघतोय,
दहा पैशांचा फरक कानानं ओळखतोय.
आणि मला आकडा सांगता येईना.
कलेक्टरचा सांगू, मुंबईचा, का बापूंचा?

हितंच की, म्हटलं, आणि लुनाला किक मारली.
दोनदा मारली. तिसऱ्यांदा सुरू झाली.

परत आलो तेव्हा पांढरी गाडी गेलेली,
नंबर पाचवर अडकलेला,
चुलता अजून तंबाखू मळत होता.
बापूंनी चष्मा लावला होता,
आणि वहीत पेन्सिलीनं काहीतरी लिहून
पुन्हा खोडत होते.